प्लॉटखालची वस्ती

मुंबईत माती ब्रासवर मिळते. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. सोसायटीच्या बागेला लागली की टेम्पो मागवायचा, गॅलरीतल्या कुंड्यांना लागली की नर्सरीतून गोणी उचलायची. वाळू, खडी, सिमेंटच्या शेजारी ती एकदा मालाच्या यादीत जाऊन बसली की तिच्याबद्दलचे प्रश्नही मालासारखेच पडतात: भाव काय, पोचणार कधी, उरलेली टाकायची कुठे. जागेच्या भावाचा विषय निघाल्याशिवाय ज्या शहराचं पान हलत नाही, तिथे जमिनीच्या वरच्या वीतभर थराची चौकशी कुणी करत नाही. पुनर्विकासाच्या करारात चटई क्षेत्र असतं, कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारा निधी) असतो, भाडं असतं, पार्किंग असतं, तोडायच्या आणि लावायच्या झाडांचे आकडेही असतात. माती नसते. जेसीबीच्या बकेटमधून ती डेब्रिजबरोबर डंपरमध्ये जाते आणि तिची नोंदसुद्धा राहत नाही.

माती ही राहती जागा आहे, एवढंच मला सांगायचं आहे. २०२३ मध्ये पीएनएएस या विज्ञानपत्रिकेत आलेल्या अंदाजानुसार पृथ्वीवरच्या सुमारे ५९ टक्के प्रजाती मातीत राहतात. आपल्याकडे मातीची तपासणी होते ती मात्र पिकाच्या अंगानं. २०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा निकष असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू (पीएच), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. शेतकऱ्याच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे. पण बारापैकी एकही निकष जिवंत काय आहे ते मोजत नाही. सेंद्रिय कर्ब त्यातल्या त्यात जवळचा. तोही घरात धान्य किती आहे ते सांगतो, माणसं किती आहेत ते नाही.

मुंबईची मूळ जमीन बेसॉल्टची. वर काळसर-तपकिरी मातीचा थर, खाली मुरूम, त्याखाली पाषाण. मूळ म्हणायचं ते अशासाठी की शहराचा मोठा भाग भरावावर उभा आहे आणि तिथल्या खड्ड्यात फावडं मारलं की विटांचे तुकडे, प्लॅस्टर, टाइल्स, क्वचित जुन्या चपलेचा तळ असा सगळा संसार वर येतो. न उकरलेली माती आता आरेमध्ये, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, भायखळ्याच्या राणीच्या बागेत जुन्या झाडांखाली, रेल्वेच्या आणि सरकारी जुन्या वसाहतींमध्ये, गावठाणांतल्या परसांत उरली आहे. आणि बऱ्याचदा आपल्याच चाळीस-पन्नास वर्षांच्या सोसायटीत, कंपाउंडच्या भिंतीलगतच्या त्या पट्ट्यात, जिथे माळी फिरकत नाही.

अशा पट्ट्यात पालापाचोळा हातानं बाजूला केला तर तीन मजले दिसतात. वर अख्खी पानं. त्याखाली अर्धवट कुजलेली, जाळीदार झालेली पानं, एकमेकांना पांढऱ्या तंतूंनी शिवल्यासारखी; ती बुरशी. त्याखाली रवाळ, भुसभुशीत माती. हे रवे महत्त्वाचे. बुरशीचे तंतू, जिवाणूंनी सोडलेला चिकट द्रव आणि गांडुळांची विष्ठा यांनी मातीचे कण बांधले जातात आणि रव्यांच्या मध्ये पोकळी राहते. चांगल्या मातीचा जवळजवळ अर्धा भाग पोकळी असतो; तिच्यात निम्मं पाणी, निम्मी हवा. सगळी वस्ती या पोकळीत राहते. माती दाबली की पोकळी जाते, आणि मग खत घालून काही उपयोग नसतो, कारण राहायला जागाच नाही.

रवे टिकाऊ आहेत का ते बघायला पाच मिनिटं पुरतात. दोन ठिकाणची सुपारीएवढी ढेकळं सावलीत पूर्ण वाळवायची. काचेच्या दोन ग्लासांत पाणी भरून वर जाळीचा तुकडा अडकवायचा आणि ढेकूळ त्यावर पाण्यात बुडेल असं ठेवायचं. गोणीतल्या लाल मातीचं ढेकूळ मिनिटभरात विरघळून तळाशी गाळ होतो. जुन्या झाडाखालचं ढेकूळ बुडबुडे सोडत तसंच बसून राहतं. पहिली माती जूनच्या सरींत वाहून गटारात जाणार, दुसरी जागेवर राहणार. ओलं ढेकूळ वापरलं तर मात्र फरक कळत नाही. कोरड्या पोकळीत पाणी शिरताना कोंडलेली हवा जो धक्का देते, तीच खरी परीक्षा आहे.

आता गांडुळं. ती मोजायची सोपी रीत आपल्या स्वयंपाकघरातच आहे. कच्ची मोहरी ४० ग्रॅम, मिक्सरमधून बारीक करून, थंड पाण्यात कालवून अर्धा तास ठेवायची. फेसलेली मोहरी नाकात जाते ना, तीच झोंबणारी चव इथे कामाची. ती मोहरीत आयती नसते. दाणा फुटून पाणी लागलं की त्यातलं एक विकर (एन्झाइम) ती तयार करतं. म्हणून भाजलेली मोहरी किंवा उकळतं पाणी वापरलं तर विकर मरतं आणि सगळा खटाटोप फुकट जातो. ही चटणी चार लिटर पाण्यात मिसळायची. जमिनीवर ३० बाय ३० सेंटिमीटरचा चौकोन आखून पालापाचोळा काढून घ्यायचा, त्यातली गांडुळं आधी मोजायची, मग निम्मं पाणी सावकाश ओतून दहा मिनिटं बघत बसायचं. मग उरलेलं ओतून आणखी दहा मिनिटं. गांडुळं अंग आखडत वर येतात. आली की लगेच साध्या पाण्यात धुवायची, मोजायची आणि चौकोनाबाहेर ओल्या मातीवर सोडायची. तशीच ठेवली तर त्वचा भाजते.

यात चुका कुठे होतात? मे महिन्यात हा प्रयोग केला तर शून्य हाती लागतं. गांडुळं तेव्हा खोल जाऊन, स्वतःभोवती चिकट थर करून, वेटोळं घालून पडलेली असतात. धो-धो पावसात केला तर पाणी आत मुरतच नाही. जुलै ते सप्टेंबरमध्ये एक-दोन दिवस उघडीप मिळाली की योग्य वेळ. शिवाय मोहरीच्या पाण्यानं उभी बिळं करणारी गांडुळं पटकन वर येतात, आडवी हिंडणारी तितकी येत नाहीत. सगळी मोजायची तर २५ बाय २५ सेंटिमीटरचा, ३० सेंटिमीटर खोल खड्डा घ्यायचा, माती घमेल्यात काढायची आणि पांढऱ्या प्लॅस्टिकवर मूठ मूठ पसरून हातानं निवडायची. आलेल्या संख्येला १६ नं गुणलं की चौरस मीटरचा आकडा मिळतो. पण आकड्याचं फार कौतुक नको. त्याच कंपाउंडमध्ये लॉनखाली किती, झाडाखाली किती, पेव्हर ब्लॉकच्या कडेला किती, ही तुलना जास्त बोलकी असते. हातात जाड रबरी मोजे हवेत, पायात गमबूट; मुंबईच्या पावसाळी चिखलात लेप्टोस्पायरोसिसची भीती खोटी नाही, आणि हाताला जखम असेल तर त्या दिवशी हे काम करू नये.

निवडताना एखादं गांडूळ जास्तच चपळ निघतं. काळसर-तपकिरी, चकचकीत, वीतभराहून कमी, अंगावर गांडुळाची वलयं नाहीत, बोटांत धरलं की शेपटीचं टोक टोचतं. हे गांडूळ नव्हे, हा वाळा. जगातल्या सगळ्यात लहान सापांपैकी एक, पूर्ण बिनविषारी, डोळे म्हणजे खवल्याखालचे दोन काळे ठिपके. मुंग्यांची आणि वाळवीची अंडी-अळ्या खाऊन जगतो. या जातीत नर सापडलेलेच नाहीत. मादी एकटीच अंडी घालते. त्यामुळे कुंडीतल्या मातीबरोबर एखादी मादी जगात कुठेही पोचली तरी नवी वसाहत उभी राहते, आणि तशी ती पोचलीही आहे. पावसाळ्यात बिळात पाणी शिरलं की वाळा न्हाणीघराच्या जाळीतून वर येतो आणि ‘नागाचं पिल्लू’ म्हणून झाडूखाली मरतो. कागदावर घेऊन झाडाखाली सोडला तर काम संपलं.

गांडूळ आणि वाळा डोळ्यांना दिसतात. त्यांच्याहून बारीक वस्ती बघायला इटलीच्या बर्लेसेनं १९०५ मध्ये एक नरसाळं वापरलं. पुढे स्वीडनच्या टुलग्रेननं त्यावर दिवा बसवला. तत्त्व साधं: माती वरून तापत, वाळत गेली की जीव अंधाराकडे आणि ओलीकडे खाली सरकतात आणि नरसाळ्यातून खालच्या भांड्यात पडतात. दोन लिटरची पाण्याची बाटली वरून एक तृतीयांश कापायची, कापलेला भाग उलटा करून खालच्या भागात बसवायचा. नरसाळ्यात कांद्या-बटाट्याच्या जाळीदार पिशवीचा तुकडा अडकवायचा. मच्छरजाळी नको, तिच्या भोकांतून मोठे जीव उतरत नाहीत. वर तीन-चार मुठी पालापाचोळा आणि त्याखालची पाच सेंटिमीटरपर्यंतची माती, शक्यतो न कुस्करता आणि उलटी ठेवायची. आपापल्या वाटांनीच त्यांना बाहेर पडता येतं. खालच्या भांड्यात दोन बोटं सर्जिकल स्पिरिट. वर २५ किंवा ४० वॅटचा जुना तारेचा बल्ब, वीतभर उंचीवर.

एलईडी लावला तर उजेड पडतो पण उष्णता नसते, माती वाळत नाही आणि जीव वरच राहतात. बल्ब फार जवळ नेला तर उलटं होतं: वरचा थर इतक्या झपाट्यानं वाळतो की मंद चालणारे जीव वाटेतच मरतात. वाळक्या पानांवर विजेचा दिवा आहे हे विसरू नये. घरात कुणी नसताना तो चालू ठेवायचा नाही. एरवी तीन ते पाच दिवस लागतात, पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत आठवडा धरावा. स्पिरिटऐवजी ओल्या टिशूवर जिवंत पकडायचे असतील तर सकाळ-संध्याकाळ भांडं रिकामं करावं लागतं, नाहीतर शिकारी माइट्स (कोळ्यांच्या नात्यातले आठ पायांचे बारीक जीव) बाकीच्यांचा फडशा पाडतात आणि आपल्याला वाटतं मातीत माइट्सशिवाय काही नव्हतंच.

दहापट भिंगाखाली जे दिसतं ते बघण्यासारखं असतं. मोहरीच्या दाण्याची बारीक प्रतिकृती वाटावी असे तकतकीत तपकिरी माइट्स. हे पानं कुरतडणारे. शेपूट तुटलेल्या विंचवासारखा, तिळाएवढा, नांग्या पुढे धरून चालणारा सुडोस्कॉर्पियन, हा शिकारी. आणि स्प्रिंगटेल. पोटाखाली दुमडलेला काटा सोडून उडी मारणारे हे सहा पायांचे जीव बुरशी चरतात. त्यांच्या रंगावरून त्यांचा मजला ओळखता येतो. वरच्या पाचोळ्यात राहणारे करडे, जांभळट, ठिपकेदार. त्यांना डोळे असतात आणि उडीचा काटा लांब. मातीच्या आत राहणारे पांढरेफटक, बहुधा आंधळे, काटा आखूड किंवा नाहीच. अंधाऱ्या बोळात उडी मारून जाणार कुठे? नमुन्यात रंगीत स्प्रिंगटेल भरपूर आणि पांढरे जवळजवळ नाहीत असं असेल तर वर पाचोळा आहे पण खालची माती दबलेली आहे असा मी अर्थ लावतो. फावडं न मारता मिळालेली ही बातमी असते. सूत्रकृमी, म्हणजे दोऱ्यासारखे सूक्ष्म कृमी, मात्र या नरसाळ्यात येत नाहीत. ते कणांभोवतीच्या पाण्याच्या पातळ थरात राहतात, माती वाळली की जागेवरच थिजतात. त्यांच्यासाठी नरसाळ्याला रबरी नळी आणि चिमटा लावून, टिशूत बांधलेली माती पाण्यात बुडवून एक-दोन दिवस ठेवतात; ते खाली उतरून नळीत जमतात.

पहिल्या पावसाचा वास याच वस्तीचा. १९६४ मध्ये इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस यांनी त्याला पेट्रिकोर नाव दिलं. त्यातला मातकट भाग जिओस्मिन नावाच्या रेणूचा, आणि तो मुख्यतः स्ट्रेप्टोमायसिस जातीचे जिवाणू बनवतात. २०२० मध्ये असं दिसून आलं की स्प्रिंगटेल त्या वासाकडे ओढले जातात, जिवाणू खातात आणि त्यांचे बीजाणू अंगावर वागवत दुसरीकडे नेतात. या जिवाणूंचं आपल्यावर मोठं ऋण आहे. क्षयरोगावरचं स्ट्रेप्टोमायसिन त्यांच्यातूनच आलं. आपल्याकडे पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सनं तिथल्या मातीतल्या अशाच एका जिवाणूपासून हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध काढलं. जिवाणूचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. औषधांच्या कारखान्यातून मातीतल्या जिवाणूला गावाचं नाव मिळतं, असं सहसा घडत नाही.

आरेत किंवा उद्यानात मृगाच्या सरींनंतर लाल मखमलीचे ठिपके जमिनीवर चालताना दिसतात. मृगाचा किडा म्हणतात खरे, पण तो माइट आहे, आठ पायांचा. वर्षातला बहुतेक काळ जमिनीखाली काढून पावसाबरोबर तो वर येतो, आणि त्याच दिवसांत पंख फुटलेली वाळवी बाहेर पडत असते, त्याची मेजवानी. याच टापूतल्या शेवाळी दरडींत झाकणवाल्या बिळात राहणारा एक कोळी आहे. त्याच्या शास्त्रीय नावातच मुंबई आहे: इडिओप्स बॉम्बेएन्सिस. हे सगळं बघावं, फोटो काढावा. राष्ट्रीय उद्यानातून काहीही उचलून आणणं हा वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. मूठभर पाचोळासुद्धा नाही.

वाळवीचं नाव निघालंच आहे तर तिची बाजूही घेतली पाहिजे. लाकडी चौकट खाणारी वाळवी आणि बागेत पडलेली फांदी खाणारी वाळवी यांना आपण एकाच मापानं मोजतो. जमिनीतली वाळवी मेलेलं लाकूड पोटात घालून वारुळात बुरशीची बाग करते. त्याच बुरशीतून उगवणारी, पावसाळ्याच्या सुरुवातीला वसई-पालघरकडून बाजारात येणारी रानातली अळंबी चवीनं खाणाऱ्यांनी तरी तिला शिव्या देऊ नयेत. इमारतीच्या पायाभोवती औषधाचा पट्टा मारणं समजू शकतं. पण पेस्ट कंट्रोलचं कंत्राट दिलंच आहे तर बागेतही मारून घेऊ म्हणून अख्ख्या लॉनमध्ये क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक ओतणं म्हणजे गांडुळं, माइट्स, मुंग्या सगळ्यांवर एकदमच नांगर. कंत्राटात औषध भिंतीपासून किती अंतरापर्यंत मारायचं ते आकड्यात लिहावं.

माती जिवंत आहे का, याची सगळ्यात स्वस्त परीक्षा मांजरपाटाची. १५ बाय १५ सेंटिमीटरचा तुकडा आधी गरम पाण्यात धुवून खळ काढून टाकायची. खळ म्हणजे पिष्ट, ती आधी खाल्ली जाते आणि कापड कुजल्याचा भास होतो. दोऱ्याचं टोक जाळून बघायचं: सूत कागदासारखं जळून राख होतं, पॉलिस्टर वितळून मणी होतो. मणी झाला तर ते कापड दहा वर्षं पुरलं तरी तसंच निघेल. तुकडा आठ-दहा सेंटिमीटर खोल उभा पुरायचा, कोपऱ्याला नायलॉनची दोरी बांधून टोक वर ठेवायचं. सहा आठवड्यांनी उपसायचा. चांगल्या मातीत जाळी उरते किंवा नुसती शिवण. ऑगस्टमध्ये अख्खा निघाला तर लगेच माती मेली म्हणू नये, वास घ्यावा. सडक्या अंड्याचा वास आणि निळसर-करडी माती दिसली तर ती बुडाली आहे. हवा नाही म्हणून कुजणं थांबलं आहे. तिथे खत घालू नये, आधी पाणी जायला वाट करावी.

पाणी मुरतं किती ते मोजायला प्लंबरकडून सहा इंची पाइपचा अर्धा फूट तुकडा आणायचा. फळी ठेवून ठोकत निम्मा जमिनीत बसवायचा, आत ४५० मिली पाणी ओतायचं, सुमारे २.५ सेंटिमीटर पावसाएवढं ते होतं. पहिलं पाणी माती भिजवण्यात जातं, म्हणून ते सोडून द्यायचं आणि दुसऱ्या ४५० मिलीला किती वेळ लागला ते घड्याळ लावून बघायचं. जुन्या झाडाखाली काही मिनिटांत मुरतं, रोज गाडी उभी राहते त्या मातीत तासानंतरही डबकं असतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तेवढ्याला कुठलीच माती पुरी पडली नसती, आणि मातीच्या नावानं पुराचे उपाय विकणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. रोजच्या सरींचं पाणी मात्र ती नक्की अडवते.

रस्त्याकडेच्या झाडांचं दुखणं याच पोकळीचं. बुंध्यापर्यंत काँक्रीट, त्यावर टाइल्स, शिवाय दरवर्षी कुठल्या ना कुठल्या केबलसाठी चर. दिल्लीच्या बाबतीत राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये झाडांभोवती एक मीटर काँक्रीट काढायला सांगितलं होतं. एक मीटर ही कमीत कमी गोष्ट, कारण मुळं फांद्यांच्या घेराबाहेरही जातात आणि बहुतेक वरच्या दोन फुटांत असतात. काँक्रीट छिन्नी-हातोड्यानं काढावं. ब्रेकरनं वेळ वाचतो आणि मुळं फाटतात. आत कुदळ घालून भुसभुशीत करायला जाऊ नये. बोटभर कुजलेलं कंपोस्ट, वर पाच-सात सेंटिमीटर पाला, बुंध्यापासून वीतभर अंतर सोडून. याच्या नेमकं उलट ‘सुशोभीकरणात’ होतं: झाडाभोवती कट्टा बांधायचा, त्यात फूटभर लाल माती बुंध्याला टेकवून भरायची, वर शोभेची झाडं. मुळांची हवा तुटते, सालीला सतत ओल लागून ती कुजते, आणि दोन-चार पावसाळ्यांनी झाड गाडीवर पडलं की झाडच धोकादायक ठरतं.

पाल्याबद्दल सोसायटीत वाद ठरलेला. डास होतात, साप येतात, घाण दिसते. डासांना साचलेलं पाणी लागतं. ते पाचोळ्यात नसतं, पाचोळ्यातल्या चहाच्या कपात, शहाळ्याच्या कवटीत, रॉयल पामच्या पडलेल्या खोलगट झावळीत असतं. ते उचलावं, पाला राहू द्यावा. पर्जन्यवृक्षाची आणि गुलमोहराची बारीक पानं एका पावसाळ्यात संपतात. आंबा, फणस, उंच अशोकाची चिवट पानं रेंगाळतात, थर धरून पाणी वरच्यावर वाहू देतात; ती बारीक पानांत मिसळून टाकावीत. मुंबईत जागा तेवढीच, पण एखादा वाफा न झाडण्याचा म्हणून ठरवता येतो. खराटा तिथे न्यायचाच नाही.

मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा आवारातच जिरवावा असा पालिकेचा २०१७ पासूनचा आग्रह आहे, त्यामुळे कंपोस्ट आता उदंड. ते कच्चं असतं तिथे गडबड होते. वीस मेथीदाणे नुसत्या मातीत, वीस निम्मं कंपोस्ट मिसळलेल्या मातीत पेरावेत. चार दिवसांनी दुसरीकडे निम्मेच उगवले तर कंपोस्ट आणखी महिनाभर झाकून ठेवावं. आपल्या ओल्या कचऱ्यात उरलेली भाजी, लोणचं, आमटी, म्हणजे मीठ असतं. वर्षाला दोन-तीन सेंटिमीटरहून जास्त थर दिला तर मीठ साचतं, स्फुरद वाढतं, आणि भरपूर स्फुरद मिळालं की मुळांवर राहून झाडाला स्फुरद आणून देणाऱ्या मायकोरायझा बुरशीला झाड साखर देणं कमी करतं. खतासाठी विकत मिळणारी गांडुळं बागेत सोडण्यातही अर्थ नाही. आयसेनिया आणि युड्रिलस या परदेशी जाती पाचोळ्यात-खतात राहणाऱ्या. साध्या मातीत त्या मरतात किंवा निघून जातात. तीच गोष्ट बाटलीतल्या कल्चरची: पोकळी नसलेल्या मातीत ओतलेले जिवाणू टिकत नाहीत.

आता पोडियम गार्डन. स्लॅबवर दीड फूट माती, वर हिरवळ, आणि ब्रोशरमध्ये ‘निसर्ग’. ओली माती घनमीटरला १.८ टनांच्या आसपास भरते, म्हणजे दीड फुटाला चौरस मीटरमागे सुमारे ८०० किलो. त्यामुळे कुठलाही स्ट्रक्चरल इंजिनीअर खोली वाढवू देत नाही, आणि त्याचं बरोबर आहे. पण एप्रिल-मेमध्ये खाली सरकायला वाव नाही, खाली तापलेला स्लॅब. खोल जाणारी गांडुळं तिथे नांदणार नाहीत. माइट्स, स्प्रिंगटेल नांदतील, पाल्याचा थर कायम ठेवला आणि निचऱ्याच्या कापडावर बारीक लाल माती बसून ते तुंबू दिलं नाही तर. पोडियम म्हणजे मोठी कुंडी. तिला जमिनीच्या बदल्यात मोजायचं नाही.

म्हणून पुनर्विकासाच्या वेळी प्रश्न विचारायचा तो जमिनीवरच्या मातीचा. २०,००० चौरस मीटरहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते आणि तिच्या अटींत वरची माती साठवून बागेसाठी वापरायची अट सहसा असते. लहान सोसायट्यांना ती अट नाही. करारात आपणच घालावी लागते. वरचा १५ ते २० सेंटिमीटरचा थर वेगळा काढायचा, मुरूम मिसळू द्यायचा नाही. माती ओलसर असावी, ओली नाही: मुठीत दाबलेला गोळा बोटानं टोचला की फुटला पाहिजे. म्हणजे पावसात हे काम करायचं नाही. ढीग सव्वा मीटरहून उंच नको. उंच ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही. त्यावर ताडपत्री घालून वर्षभर विसरून जाण्यापेक्षा ताग किंवा चवळी पेरावी, कारण मायकोरायझाला जिवंत मुळं लागतात.

हिशेबही सांगतो. ५०० चौरस मीटर बागेचा १५ सेंटिमीटर थर म्हणजे ७५ घनमीटर, साडेसव्वीस ब्रास. उकरल्यावर ती आणखी फुगते. मुंबईच्या प्लॉटवर तीन-चार वर्षं एवढा ढीग ठेवायला जागा बहुतेकदा नसतेच, आणि इतक्या काळात ढीगही बराच निर्जीव होतो. त्यापेक्षा एक कोपरा हात न लावता राखणं मला जास्त खात्रीचं वाटतं. जुन्या झाडाभोवतीचा दहा बाय दहा फुटांचा तुकडाही चालेल. नेदरलँड्समधल्या प्रयोगांत, वरची माती काढलेल्या शेतांवर दुसरीकडच्या मातीचा सेंटिमीटरहून पातळ थर पसरला, तर पुढे तिथे खुरट्या झुडपांचं माळरान होणार की गवताळ कुरण हे त्या थरानं ठरवलं. नवी बाग झाली की राखलेल्या कोपऱ्यातून पाच सेंटिमीटर जाडीच्या वड्या कापून ठिकठिकाणी बसवायच्या, विरजण लावतात तसं, आणि लगेच पाल्यानं झाकायच्या. माहीम-धारावीचं निसर्ग उद्यान कचऱ्याच्या डेपोवर उभं राहिलं, १९९४ मध्ये लोकांसाठी खुलं झालं, आज तिथे रान आहे. पण त्यामागे कितीतरी वर्षांची मेहनत आहे, आणि बिल्डरच्या वेळापत्रकात तेवढा अवकाश नसतो.

कोपऱ्याला झाडाच्या घेराबाहेरून पक्के पत्रे लावून घ्यावेत, नुसती रिबन नको. रिबन पहिल्या दिवशी तुटते आणि दुसऱ्या दिवशी तिथे सळ्या येऊन पडतात. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा पाणी कोण घालणार ते नावानिशी ठरवावं. आणि तिथे काँक्रीट मिक्सर धुवायचा नाही, हे करारात वेगळ्या ओळीत लिहावं. सिमेंट धुतलेल्या पाण्याचा सामू १२ च्या आसपास असतो. एका दुपारच्या धुण्यानं पांढरे स्प्रिंगटेल, बुरशी, गांडुळं सगळी त्या भागातून जातात, आणि माती वरून दिसते मात्र तशीच.